लालबागेत मोडलेली शंभराची नोट

उजाडताना डेकवरून मुंबई पहिल्यांदा दिसली ती गिरण्यांच्या चिमण्यांनी. धूर मात्र एकीतूनही निघत नव्हता. धक्क्यावरचा हमाल म्हणाला, "आज हरताळ. मुंबईसकट महाराष्ट्र पाहिजे म्हणून बोटी सोडून सगळं बंद!"

मी धाकट्या भावाला, सदाला, गावी न्यायला आलो होतो. जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला होता. दुपारची बोट पावसाळ्याआधीची शेवटची. ती चुकली तर घाटातल्या एसटीत त्या पायाचं काही खरं नव्हतं.

तिकीटखिडकीत मी नोट सरकवली. आंब्याच्या व्यापाऱ्याने अख्ख्या हंगामाचे पैसे एकाच शंभराच्या नोटेत दिले होते. कारकुनाने ती परत ढकलली. "एवढी मोड कुठून देऊ? सुटे आणा."

चालतच लालबाग गाठलं. वाटेत दुकानाची एकही फळी उघडी नाही, इराण्याचं दारसुद्धा ओढलेलं. एवढा रुंद रस्ता आणि त्यावर माझ्याच वहाणांचा आवाज.

सदा ज्यांच्याकडे जेवायचा आणि पाय मोडल्यापासून खाटेवर पडून होता, त्या खाणावळवाल्या ताराबाई मालवणकडच्या. त्यांनी आधी भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, मग माझं ऐकलं.

"तिकिटाचे माझ्याकडचे घेऊन जा."

"उसने नकोत, ताराबाई. चार महिने बोट नाही, फेडायला येऊ कसा? आणि आमच्या वाडीत ही मोडणार कोण?"

"हाड हंय (आण इकडे)."

त्यांनी नोट उजेडात धरली आणि गॅलरीतून हाका मारल्या. हरताळामुळे सगळे घरीच. माणसं जमली. शंभराची नोट बहुतेकांनी पाहिलीच नव्हती. "अरे, पाठीवर हत्ती आहेत!" कुणीतरी ओरडलं. गिरणीतल्या एका म्हाताऱ्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, धोतराला हात पुसून मगच तिला बोट लावलं.

जमिनीवर सतरंजी पसरली. समोरच्या चाळीतल्या सोनूबाई गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या. पहिली पाचाची नोट त्यांनी ठेवली. मग रांगच लागली. तांदळाच्या डब्यातली, उशीच्या अभ्र्यातली, गिरणीच्या तेलाचा डाग पडलेली एकेकाची नोट. एका बाईने चोळीतून रुपया काढला तो ऊबदार होता. जुने आणे आणि नवे पैसे एकत्र आल्यावर चार आण्यांचे पंचवीस की चोवीस, यावर भांडणही झालं.

"आणि नोट खोटी निघाली तर?" मागून एकाने विचारलं.

"तर ह्याच्या भावाला बोटीतून परत ओढून आणू!" सोनूबाई म्हणाल्या. सगळे हसले. खाटेवरचा सदासुद्धा.

शंभर भरले. नोट ताराबाईंनी देव्हाऱ्यात ठेवली. सराफांच्या पेढ्या उघडल्यावर ती मोडून ज्याचे त्याला मिळणार होते. तोवर उद्या सकाळचा बाजार कुणी कशाने करणार, हे मला विचारायचं होतं. मी पैसे बांधून घेतले. माझ्या पंच्याच्या गाठोड्यात अर्ध्या चाळीच्या चुली होत्या.

चौघांनी सदाला खुर्चीत बसवून धक्क्यापर्यंत उचलून नेलं. तिकिटं मिळाली, बोट सुटली, आणि मी पाठ फिरवू शकलो नाही. चिमण्या पाण्यात बुडेपर्यंत तिकडेच बघत राहिलो.

वाडीत सगळे विचारतात, मुंबईत काय पाहिलंस? राणीची बाग नाही, चौपाटी नाही, ट्राममध्येही बसलो नाही. तरी मी त्यांना सांगतो, मुंबई मी पाहिली. एका सतरंजीवर सगळी मावली होती.