उल्काताईंनी न पाहिलेला हिवाळा

श्यामराव कानिटकर म्हणजे बोलायला महाग माणूस. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा निरोप समारंभात "आभारी आहे" एवढंच भाषण करून खाली बसले. घरात बोलायचं काम बायकोकडे. उल्काताईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. त्यांच्या आवाजाने मागच्या बाकावर झोपलेलं पोरही ताडकन उठायचं.

त्यामुळे दोघांचा स्लाइड-शो झकास जमायचा. विषय ठरलेला: हिमाचलातलं कल्पा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. श्यामराव एकाच कठड्यापाशी उभे राहून एक फोटो मे महिन्यात काढायचे, दुसरा जानेवारीत. पडद्यावर आधी सफरचंदाची हिरवीगार बाग, मग तीच बाग बर्फात गुडघाभर बुडालेली. त्यांनी बटण दाबायचं, उल्काताईंनी बोलायचं. नळ कसे गोठतात, बर्फ वितळवून चहा कसा करतात, छपरावरचा बर्फ घसरला की घर कसं हादरतं! ऐन उकाड्यात लोक पंखा बंद करा म्हणायचे, आता बोला.

आणि या बाईंनी हिवाळ्यातलं कल्पा पाहिलंच नव्हतं! मे महिन्यात दोघं जोडीने जायची. जानेवारीत श्यामराव एका ग्रुपबरोबर जायचे, आणि तो ग्रुप बायकांना नेत नाही, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. "तिथे धड संडाससुद्धा नसतो गं. बायकांची जबाबदारी कोण घेणार?" उल्काताई दरवर्षी विचारायच्या, दरवर्षी हेच उत्तर. मग त्या गुमान मेथीचे लाडू बांधून द्यायच्या, आणि नवरा परत आला की त्याच्याकडून एकेक शब्द खणून काढायच्या. पुढे गुडघे गेले, दमा जडला. बर्फाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "राहिलं ते राहिलं," त्या म्हणायच्या. "बंदीच होती, त्याला कोण काय करणार?" तेवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली होती.

तर त्या रविवारी सकाळी वारज्याच्या एका सोसायटीत शो होता. उन्हाळ्याच्या स्लाइड संपल्या, दिवे लागले, चहा फिरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "जानेवारीत आम्हाला जाता येईल का हो?"

"यजमानांना पाठवा," उल्काताई माइकवरून म्हणाल्या. "बायकांना नेत नाहीत ते लोक." सगळे हसले.

मागून एक मुलगी उठली. अपूर्वा तिचं नाव, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. "काकू, कोणी सांगितलं तुम्हाला? मी याच जानेवारीत गेले होते त्यांच्याबरोबर. ऑफिसमधल्या आम्ही पाच जणी होतो. आणि सत्तरीच्या एक मुक्ताई आजी होत्या, त्या तर म्हणे सुरुवातीपासून जातायत. सॉलिड आहेत एकदम! काका होते की आमच्याबरोबर. हो ना काका?"

काका प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागले. शो अजून अर्धा बाकी होता!

उल्काताईंनी माइक नवऱ्याच्या हातात दिला. "हिवाळ्याचं हे सांगतील. यांनी पाहिलाय." आणि त्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दिवे मालवले. "हे कल्पा," श्यामराव म्हणाले. "बर्फ आहे." पुढची स्लाइड. "इथेही बर्फ आहे." लोक खो खो हसले, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. उल्काताईंना भडभडून आलं. घरच्याच माणसाने केसाने गळा कापला होता, आणि इतकी वर्षं गावभर त्याचं कौतुक सांगत फिरणाऱ्या त्याच होत्या.

परतताना रिक्षात श्यामराव प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसले होते.

"एकटं जायचं होतं, तर तसं सांगायचंत," उल्काताई म्हणाल्या. "मी काय आडवी येणार होते? लाडू तरीही दिलेच असते. गुडघे चालत होते, तेव्हा एकदा तरी न्यायचंत हो मला!"

"चुकलं," श्यामराव म्हणाले.

"एखाद्या वर्षी चुकतं, अहो. दरवर्षी कसं चुकेल?"

मग उल्काताईंनी विचारू नये ते विचारलं. "मी बरोबर असले की तुम्हाला त्रास होतो का हो तिथे?" "छे गं, काहीतरीच काय," एवढंच त्यांना ऐकायचं होतं. खोटं का असेना, त्यांनी ते मानून घेतलं असतं.

श्यामरावांनी बराच विचार केला. "मे महिन्यात तू सारखी बोलत असतेस," ते म्हणाले. "जानेवारीत तिथे शांत असतं."

इतकी वर्षं बेमालूम खोटं बोललेल्या माणसाला खरं बोलायला नेमका हाच मुहूर्त सापडला!

घर येईपर्यंत उल्काताई बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, त्या आठवड्यातही नाहीत. ताट वाढायच्या, औषध काढून ठेवायच्या, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसायच्या. जन्मात कधी आपणहून तोंड न उघडणारे श्यामराव घरभर त्यांच्या मागे मागे फिरत होते. "अगं, काहीतरी बोल ना," म्हणत होते. "काहीही बोल."