रांगेलच्या घरचा पाहुणा

विटान आता रुसे शहरात एका मानलेल्या भाचीकडे राहतो. शेजारच्या नवराबायकोचं जुंपलं की भाची खिडक्या लावून घेते, आणि हा म्हातारा कान देऊन हसत बसतो. त्याला रांगेलचं घर आठवतं.

रांगेल म्हणजे देलिओर्मानच्या मुलखातला जुना पैलवान. गुडघा गेला तेव्हा त्याने घरातच तालीम काढली. बायको ना मूल. पण घरच्यांनी ओवाळून टाकलेले चार जवान त्याच्याकडे येऊन राहिले आणि गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारू लागले. घर कसलं, नुसता धुडगूस! जत्रेत जिंकलेला मेंढा स्वयंपाकघरात हिंडायचा. बोलायचं म्हणजे ओरडायचं. कामं वाटून घ्यायची तर तिथं रीतच नव्हती. भांडी कुणी घासायची, लाकडं कुणी फोडायची, सगळं जेवणानंतर कुस्तीवर ठरायचं. हरेल तो घासेल.

तिथं विटान आला, पोरांची अंगं रगडायला आणि रांधायला. अनाथाश्रमात वाढलेला, मग इस्पितळात मदतनीस. मुंगीलाही वाट देईल असा माणूस. पहिल्याच दिवशी चौघं बाह्या सरसावून उठले, तर याने मुकाट्याने ताटल्या उचलून घासून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तेच, नंतर रोजच. जितकं राबू तितके या लोकांत रुजू, असा त्याचा हिशोब. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य याच हिशोबावर चाललं होतं.

पण झालं भलतंच. तो आत आला की भांडणं थांबत. त्याच्यासमोर कुणी शिवी देईना. घेवड्याचा चोरबा, म्हणजे गरम सूप, आधी त्याला, वर "बसा ना, विटानभाऊ." इतक्या अदबीने त्याला कधी कुणी वागवलं नव्हतं, आणि इतकं परकंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

हिवाळ्यासाठी पिंपात कोबी खारवता खारवता एके सकाळी रांगेलने विचारलं, "विटानभाऊ, तुमचा मुक्काम कुठवर?"

आपल्याला जायलाच सांगताहेत, असं विटानने धरलं. त्याने कपड्यांची पिशवी भरली. शेवटचं वाढावं आणि जावं, म्हणून पिशवी दाराशी ठेवली, तोच मुमून आडवा आला. चौघांत सगळ्यात आडदांड.

"कुठं निघालात?"

"काही चुकलं असेल तर माफ करा. जमेल तेवढं काम केलं मी."

"तेच तर!" मुमून भडकला. "कुणी सांगितलं होतं करायला? रोज आमची कुस्ती पळवता! पाहुणा घासतो ती मेहेरबानी. घरचा माणूस हरल्याशिवाय ताटलीला बोट लावत नाही, कळलं?"

पिशवी तशीच दाराशी ठेवून विटान वाढायला गेला.

दुपारी जेवणं झाली. ताटल्या रिकाम्या पडल्या. सवयीने त्याचे हात शिवशिवत होते, ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले. कुणीच हलेना. मेंढा टेबलावरचा पाव ओढून नेत होता, तिकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी विटान उठला. कोट काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि मुमूनला म्हणाला, "ये."

तिला कुस्ती म्हणायचं की काय, देव जाणे. मुमूनने त्याला पिठाच्या पोत्यासारखं उचललं आणि दया येऊन अलगद खाली ठेवायला लागला. विटानने त्याच्या कानाला कडकडून चावा घेतला.

"अरे, चावतोय हा मेला! लबाड! घ्या, याला गरीब म्हणत होतो आपण!" आणि मुमूनने त्याला धाडकन आपटलं.

पाठ टेकली. बरगडी कळवळली. विटानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण ते काही बरगडीचं नव्हतं. चार तोंडं त्याच्यावर वाकून एकदम ओरडत होती, आणि सगळ्या शिव्या त्याला एकट्याला होत्या.

"ऊठ रे चावऱ्या कुत्र्या! घास भांडी!"

रांगेल लंगडत दाराशी गेला. पिशवी उचलली, आत नेऊन चुलीजवळच्या खाटेखाली पायाने ढकलली.

"चला," तो म्हणाला, "पाहुणा गेला एकदाचा."