फ्यूज सरांचा डावा अंगठा

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो फ्यूज सरांमुळे. संग्रामपूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि त्यांचा उजवा हात तालुक्यात प्रसिद्ध होता. फळ्यावर सर्किट काढणारा तोच, कानशिलात वाजणारा तोच. "वायरले हात लावाच्या आंधी फ्यूज काढ बे, नाहीतं तुहा बाप रडन," हे वाक्य प्रत्येक थपडेसोबत येई. बारावीनंतर वडील मला वावरात जुंपणार होते, तेव्हा याच हाताने बखोटीला धरून सरांनी मला शेगावच्या कॉलेजला जायला गाडीत बसवलं.

निवृत्तीनंतर त्यांनी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड, फोन लावला की मोटार सुरू, पुन्हा लावला की बंद. गोठ्यातली कडबा कापायची कुट्टीही त्यावरच जोडली. नंबर स्टार्टरच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहिला, अडीअडचणीला कुणालाही मोटार बंद करता यावी म्हणून. मी पुण्यात सायबर सुरक्षेचंच काम करतो. म्हटलं, "सर, फक्त तुमचाच नंबर चालेल असं करा."

"काऊन? माह्या गावात चोर हायेत काय? पुण्यात जाऊन भेकड झाला बे तू."

दिवाळीत कुट्टीत कडबा अडकला. घाईत सरांनी नुसती मोटार बंद केली आणि फ्यूज न काढताच हात घातला. नेमका तेव्हाच शेजारच्या वावरातून प्रशांतने, माझ्या वर्गमित्राने, गंमत म्हणून तो नंबर लावला. सरांचा उजवा हात मनगटापासून गेला.

"म्या मशीनले हात बी नाही लावला," प्रशांत मला म्हणाला. "चोरी नाही, लूट नाही. फक्त मिसकॉल देला."

सर पोलिसांत गेले नाहीत. गाव त्यांना देवमाणूस म्हणू लागलं. संक्रांतीला मी गेलो, तर गोठ्यात प्रशांत कडबा कापत होता. तक्रार न करण्याच्या बदल्यात रोज यायचं, असं ठरलं होतं. कडबा अडकला.

"घाल हात," सर म्हणाले.

"फ्यूज काढू, सर?"

"म्या काढला होता काय?"

प्रशांतचा हात आत गेला. सर बाजेवर बसले होते, डाव्या हातात फोन, पडद्यावर स्टार्टरचा नंबर, अंगठा हिरव्या बटणावर टेकायला आलेला. प्रशांतच्या मानेवरून घाम निथळत होता. वर्गात कुणाचं उत्तर चुकलं की हसत, तसे सर हसले. "भेऊ नोको बे. म्या त नुसता फोन धरला हाये."

प्रशांतने कडबा मोकळा करून हात बाहेर काढला, तेव्हाच मी निघालो. पुण्याला पोहोचल्यावर पत्र टाकलं.

"ती. सर, साष्टांग नमस्कार.

तुमच्या स्टार्टरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच होता. काल इथून स्टार्टरच्या नंबरवर एक मेसेज पाठवून मी सगळे नंबर बंद केले, तुमचाही. न विचारता दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा गुन्हा आहे आणि तो मी केला आहे. येईन तेव्हा कानशिलात द्या, डावा हात चालेल.

आता मोटार पेटीवरच्या बटणानेच सुरू होईल. पेटी विहिरीवर आहे. बाजेवरून उठून तुम्ही तिथवर जाईपर्यंत प्रशांतचा हात बाहेर आलेला असेल.

तुमचा विद्यार्थी."