नेरिडाने सोडलेला फ्लॅट

"मला फार काही लागत नाही," असं नेरिडा हॉगन नेहमी म्हणायची. चहात साखर किती, असं विचारलं तरी हेच. नवरा गेला त्या आठवड्यात शेजारणी सोबतीला राहू का म्हणाल्या, तेव्हाही हेच.

नेरिडा माझ्या कुंपणापलीकडची. तिचा नवरा केसलरांच्या शेतावर कामाला होता, आणि शेताच्या कडेला मालकाने दिलेल्या लाकडी घरात तिचं सगळं आयुष्य गेलं. मग केसलरांच्या मुलांनी शेत एका कंपनीला विकलं. कंपनीला ज्वारी हवी होती, घर नको होतं. हिवाळा संपेपर्यंत राहा, असं त्यांनी तिला सांगितलं. त्याच सुमारास डोळे अधू झाले म्हणून तिचा गाडीचा परवानाही गेला. आमच्याकडे दुकान गाठायचं तर गाडीच लागते. म्हणून आता टूवूम्बा शहरात, दुकानापर्यंत पायी जाता येईल आणि पेन्शनीत बसेल असं भाड्याचं घर शोधायचं होतं.

आमची मागची खोली रिकामी होती. तिथे ये, असं मी म्हटलं.

"रेग, तू भला आहेस," ती म्हणाली. "पण तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी कप शोधत किती दिवस उभी राहू?"

मग दर शनिवारी मी तिला गाडीतून शहरात नेऊ लागलो. काळ्या मातीचं मैदान सरता सरत नाही, आणि पश्चिमेचा वारा गाडीला ढकलत राहतो. ती खिडकीबाहेर बघायची. तिला किती दिसत होतं कोण जाणे.

शहरात घर बघायची रीत अशी, की ठरल्या वेळी सगळ्यांनी फुटपाथवर रांग लावायची. दलालाकडची मुलगी येऊन दार उघडते. बूट काढायचे, आत जायचं, कपाटं उघडून बघायची, बाहेर यायचं. रांगेत कोणी कोणाकडे बघत नाही. नेरिडा मात्र प्रत्येकाला नमस्कार करायची, कुठून आलात विचारायची. लोक तिला दारुड्याला द्यावं तसं उत्तर देऊन तोंड फिरवायचे.

इस्पितळामागच्या गल्लीत एक तळमजल्याचा फ्लॅट होता. एक खोली आणि स्वयंपाकघर. नेरिडाने शेगडीवरून हात फिरवला. ओट्यावर ऊन पडलं होतं, त्यात ती तळहात ठेवून उभी राहिली.

"इथे माझं बरं चालेल," ती म्हणाली. एखाद्या घराबद्दल असं बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं.

त्या दिवशी रांगेत तिच्या मागे सेला नावाची, टोंगा बेटांवरून आलेली एक तरुण बाई होती. तिचे दिवस भरत आले होते. नवरा कत्तलखान्यात कामाला, आणि दोघं चुलतभावाच्या गॅरेजमध्ये गादी टाकून झोपत होते. हे सगळं नेरिडाने दार उघडायच्या आत काढून घेतलं होतं.

बुधवारी दलालाकडच्या तमसिनचा फोन आला. नेरिडा आमच्याच टेबलाशी बसली होती, फोन स्पीकरवर होता. तमसिन म्हणाली की मालकाला वयस्कर, शांत भाडेकरू हवा आहे, फ्लॅट तुमचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कोणी शेत सोडून निघालं की त्याच्या सामानाचा लिलाव होतो. सगळा परगणा जमतो. पण एखादी वस्तू शेजाऱ्याला खरोखर लागणार असेल, तर बाकीचे हात खिशात घालून गप्प उभे राहतात. कोणी काही बोलत नाही. बोली एकच होते आणि वस्तू त्याच्याकडे जाते. मी अशा लिलावांत मोठा झालो, आणि तसे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

नेरिडाने विचारलं, "त्या सेलानेही मागितला होता ना?"

तमसिन म्हणाली, बऱ्याच जणांनी मागितला होता.

"मग तिला दे, पोरी. तिचं मूल गॅरेजमध्ये जन्मायला नको. मी बाजूला होते."

"म्हणजे तुमचा अर्ज मागे घेताय?"

"हो."

"बरं, तशी नोंद करते," तमसिन म्हणाली.

माझी मान अभिमानाने ताठ झाली. माझी बायको मात्र भांडी आपटत राहिली. शेवटी म्हणाली, "तिला देते, असं ती पोरगी बोलली का कुठे?"

पुढच्या शनिवारी दुसऱ्या एका घरासमोर रांगेत सेला उभी. नेरिडाला बघून तिचा चेहरा खुलला.

"मावशी, तुम्ही इथे कशा? तो फ्लॅट तुम्हालाच मिळाला असं समजून मी खूश होते."

"मला? अगं, मी तर तो तुला सोडला."

दार उघडायला तमसिनच आली होती, तिला विचारलं. ती वाईट मुलगी नव्हती. मालकाच्या यादीत पुढचं नाव ब्रिस्बेनच्या एका जोडप्याचं होतं, त्यांनी फोटो बघूनच घेतला, असं तिने सांगितलं. सोडलेलं घर कोणासाठी सोडलं हे लिहायला तिच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

दार उघडलं.

"जा तू आधी," नेरिडा म्हणाली.

"नाही मावशी, आज तुम्ही."

दोघी अशा अडून उभ्या राहिल्या आणि बाकीची रांग त्यांना वळसा घालून आत गेली. तेही घर दोघींपैकी कोणाला मिळालं नाही. सेलाचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

हिवाळा सरला. शहराच्या पश्चिम टोकाला, मोठ्या रस्त्यालगत कॅरव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, एक तळ आहे. तिथे आठवड्याच्या भाड्याने लहान केबिनी मिळतात. एका दुपारी मी तिचं सामान तिथे उतरवलं. हातातली पिशवी तिने मला घेऊ दिली नाही.

"चल, निघ तू," ती म्हणाली. "तुझ्या गाईंचं दूध काढायची वेळ होईल."

खडीवरून ती पाय चाचपत निघाली. आपली केबिन कुठली हे लांबून तिला दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक दाराशी थांबून ती वाकून नंबर बघत होती. कोणाच्याही दारात माणूस नव्हतं. मी गाडीत बसून बघत होतो. झाडांना पाणी घालणारा तळाचा राखणदार हातातला पाइप तसाच चालू ठेवून बघत होता, आणि पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं.