लायटरचं सॉकेट आणि साडू

माणसाला साडू असावा, पण त्याच्या हाताला गुण नसावा. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वरठीला कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. तो नुसता दारात आला तरी आमचा बंद मिक्सर सुरू होतो, असं बायको सांगते. सांगताना तिचे डोळे असे चमकतात की वाटावं, आता मिक्सरला लग्नाचा हारच घालते.

आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. मागच्या सीटा काढून मी तिच्यात पलंग ठोकला, शेगडी बसवली. रविवारी पचमढीला जायचं आणि गाडीतच झोपायचं ठरलं होतं. झोपायला पंखा हवा, आणि पंखा ज्यात खोचायचा ते सिगारेट लायटरचं सॉकेट बंद पडलेलं.

"जवाईबापूले फोन लावू का?" बायको म्हणाली. जवाईबापू म्हणजे साडूच.

"एवढ्याशा कामाले कायले?"

मिक्सर सुरू झाल्यावर ती साडूकडे बघते, तसं एकदा तिनं माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

गुरुवारी मी फ्यूज बदलला. पंखा ढिम्म. शुक्रवारी आणखी एक बदलला. शनिवारी दुपारी अर्धा डॅशबोर्ड माझ्या मांडीवर होता आणि हातातले चार स्क्रू कुठले, ते आठवत नव्हतं.

"तुमी गाडी दुरुस्त करून राहिले का भंगारात देऊन राहिले?" असं म्हणून तिनं फोन लावलाच.

संध्याकाळी साडू आला. "भाऊजी, सरका जरा." त्यानं फ्यूज काढला, सॉकेटमध्ये टॉर्च मारला. आत डोकावावं, हे मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं. मग त्यानं चिमट्यानं एक जळकी काडी ओढली. दुसरी. तिसरी. मागोमाग मूठभर राख.

"अगरबत्ती! बाई, या भोकात अगरबत्ती कोनं लावली?"

दर दसऱ्याला गाडीची पूजा मी करतो. अगरबत्तीचं घर ऐन वेळी सापडत नाही, आणि ते भोक इतकं मापाचं की कंपनीनं देवासाठीच ठेवलंय असं मला वाटे. काडी आत तुटायची, पुढच्या वर्षी मी नवी खोचायचो.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"मीच लावली," ती म्हणाली.

साडू पोट धरून हसला. "भाऊजीनं लावली असती तं समजलो असतो. तुमी, बाई?"

"काहून? त्यायले काय समजता तुमी? तीन दिवस जेवन सोडून खपले ते."

साडूनं फ्यूज बसवला, पंखा सॉकेटमध्ये खोचला. पंखा फिरू लागला. खरं सांगायचं सोडून मी पंख्यापुढे बसलो. तिनं माझी बाजू घेतल्यावर साडूचा चेहरा किंचित उतरल्यासारखा वाटला. देवाशप्पथ, पंख्याच्या वाऱ्यापेक्षा त्या उतरलेल्या चेहऱ्यानंच मला जास्त गार वाटलं.