सांजचं दूध

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावालाही नाही. तो फौजेत होता, त्याला सांगितलं असतं तर आधी त्यानं माझ्या कानाखाली वाजवली असती आणि मग पुढचं ऐकलं असतं. बरं झालं असतं, खरं तर. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांत मी अजून भला माणूस आहे, आणि अलीकडं मला त्याचाच संताप येतो.

संताप म्हणालो मी, पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप झालेली माणसं शांतपणे बोलतात म्हणे. मला नाही जमत. कुणी चहा पिता पिता सहज म्हणालं, ‘अहो, कॉम्प्युटर कसा चुकेल?’ — की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कॉम्प्युटर नाही चुकत, कबूल. त्याच्यासमोर बसलेला हरामखोर चुकतो. आणि चुकून गप्प बसतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी मूळचा कराडजवळच्या मलकापूरचा. घरी ऊस होता, पण मला ऊस नको होता, कॉम्प्युटर पाहिजे होता. सांगलीत स्टँडजवळ एक खोली भाड्यानं घेतली. एक मशिन, एक कर्कश प्रिंटर, दारावर पाटी. काम कसलं? दूध सोसायट्यांची बिलं. प्रत्येक सभासदाचं खातं माझ्या प्रोग्रॅममध्ये — दूध किती घातलं, फॅट किती लागला, पेंडीचे किती कापले, हातात किती पडले. दर दहा दिवसांनी गावाकडून फ्लॉपी यायची. तिच्यातली फाईल मी माझ्या मशिनवर ओढून घ्यायची, बिलं छापायची आणि परत पाठवायची. बस.

फ्लॉपी यायची एस.टी.नं, कंडक्टरच्या हाती पाकिटात. ड्रायव्हर ते पाकीट हमखास इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा. सांगलीला पोचेपर्यंत फ्लॉपी पापडासारखी भाजून निघालेली. मशिनमध्ये घातली की करकर आवाज, आणि पडद्यावर ‘वाचता येत नाही’. म्हणून गावाकडून दोन-दोन फ्लॉप्या यायला लागल्या, एकच फाईल दोन्हींत. एक गेली तर दुसरी असावी.

त्यातलं एक गाव कवठे महांकाळच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. तिथल्या सोसायटीच्या सचिवाचंही नाव बदलतो — आनंदा म्हणू या त्याला. चाळिशीचा, बी.कॉम. झालेला. बौद्धवस्तीतला, आणि त्या खुर्चीवर बसलेला त्या वस्तीतला पहिलाच माणूस. गावानं काही मोठ्या मनानं बसवला नव्हता. सहा महिने सांगलीला हेलपाटे घालून कॉम्प्युटर शिकायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून बसवला होता. लोकांच्या कार्डावर दूध लिहायचा तो, सोसायटीच्या मशिनवर टाइप करायचा तो, फ्लॉपी भरून एस.टी.वर द्यायचा तो. इतकं चोख काम माझ्याकडं दुसऱ्या कुठल्याच सोसायटीचं येत नव्हतं. आणि हे मला आज नाही, तेव्हाच ठाऊक होतं.

त्याची एक रीत सांगायला पाहिजे, सगळं त्यावरच अडलं. फॅट बघायला प्रत्येकाच्या दुधातून नमुना काढतात, आणि तो काही परत मिळत नाही. दहा लिटर घालणाऱ्याला त्याचं काय? पण एका गाईवर घर ओढणारी बाई लिटरभर दूध घेऊन येते. तिच्या चरवीतून सकाळी काढा, संध्याकाळी काढा, मग तिला राहतं काय? म्हणून आनंदा लहान लोकांचा नमुना दिवसातून एकदाच घ्यायचा, सकाळी. संध्याकाळच्या नोंदीतही तोच फॅट लिहायचा. नियमात हे बसत नव्हतं, पण कुणाची तक्रार नव्हती.

म्हणजे झालं काय, की अशा बाईच्या दिवसाच्या दोन नोंदी अगदी सारख्या दिसायच्या. तारीख तीच, लिटर तेवढंच, फॅट तोच. फरक एकाच रकान्यात — एक सकाळची, एक संध्याकाळची.

आणि तो रकाना मी घेतच नव्हतो. फाईल ओढताना सोडून द्यायचो. बिलाला बेरीज लागते, वेळ कशाला पाहिजे? लय शहाणा समजत होतो स्वतःला.

मग एकदा गडबडीत माझ्याकडून दोन्ही फ्लॉप्या ओढल्या गेल्या. अख्ख्या गावाचं दूध दुप्पट छापून गेलं. सोसायटीचे चेअरमन, अण्णा म्हणायचे त्यांना, फोनवर त्यांनी माझी अशी खरडपट्टी काढली की कान तापले. फोन ठेवला आणि त्याच दुपारी प्रोग्रॅममध्ये चाळण बसवली — सभासद, तारीख, लिटर, फॅट सगळं तेच असलेली नोंद दुसऱ्यांदा दिसली, तर ती फेकून द्यायची. परत कधी दुप्पट होणार नाही! मी खूश. तपासून बघितलं का? नाही. कशाला बघतोय?

तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या दिवसापासून लहान लोकांचं सांजचं दूध माझं मशिन गिळायला लागलं. मोठ्यांचा फॅट दोन वेळा वेगवेगळा निघायचा, त्यांच्या नोंदी शाबूत राहिल्या. गेलं ते एका गाईवाल्यांचं, एका म्हशीवाल्यांचं. रोज नाही, ज्या दिवशी दोन्ही वेळचं दूध सारखं भरलं त्याच दिवशी. त्यामुळं चार महिने कुणाला धड कळलंच नाही. मग हौसाबाई नावाच्या एका म्हातारीनं नातीकडून कार्ड वाचून घेतलं, बिल वाचून घेतलं आणि सोसायटीच्या दारात येऊन शंख केला.

कार्डावर दूध पूर्ण, बिलात कमी. सोसायटीकडून पुढं संकलन केंद्रावर पोचलेलं दूधही पूर्ण, त्याचे पैसेही पूर्ण. म्हणजे मधला फरक सोसायटीच्या पदरात, त्याला तिकडं ‘वाढावा’ म्हणतात. आणि त्या सोसायटीत वाढाव्यातला काही हिस्सा दिवाळीला सचिवाला बक्षीस द्यायची पद्धत होती. झालं! गावाला आणखी काय पाहिजे? गावानं ठरवलं, आनंदा सचिवानंच कार्डावर बरोबर लिहिलं आणि टाइप करताना लहान लोकांचं दूध कापलं, वाढावा वाढवला. जे बोलू शकत नाहीत तेवढेच बरोबर हेरले. गोष्ट कशी चपखल बसली बघा.

सोसायटीनं यावर सभा बोलावली. तिच्या दोन दिवस आधी अण्णांचा फोन आला. तुमच्याकडचं एकदा बघून घ्या, म्हणाले. मी बसलो. फ्लॉपीतल्या ओळी मोजल्या, माझ्याकडं आलेल्या ओळी मोजल्या. माझ्याकडं कमी. कुठल्या कमी आहेत त्या छापून काढल्या — आणि कागद प्रिंटरमधून बाहेर येतानाच मला कळलं. सगळ्या संध्याकाळच्या. अर्धा तास सुद्धा लागला नाही.

इथवर चूक होती. चूक कुणाचीही होते, दोन शिव्या खाऊन माणूस ती निस्तरतो. पुढं जे केलं त्याला चूक म्हणू नका. मी म्हणत नाही.

त्याच आठवड्यात अण्णांच्या शब्दावर आणखी अकरा सोसायट्यांचं काम मला मिळणार होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतो, किती किंमत पडली ते कळावं म्हणून.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मला खुर्ची दिली, चहा दिला. आनंदा उभा. खुर्च्या होत्या, पण त्याला कुणी बस म्हणालं नाही. तो म्हणाला, “आवं, मशिन लावून बगा की. सांजचं दूध मी रोज भरलंय. फाइलीत हाय त्ये.” अण्णा म्हणाले, “मशिन तुजं, चालवणार तू. तू दावशील त्येच आमी बगायचं व्हय?” लोक हसले. खरं तर यात हसण्यासारखं काय होतं? गावात ते मशिन दुसऱ्या कुणाला लावताच येत नव्हतं. ज्याच्याजवळ विद्या तोच चोर, असा तो न्याय.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “सायेब, तुमी तरी सांगा. तुमच्याकडं काय पोचलं?”

माझ्या पिशवीत तो छापलेला कागद होता. घडी घालून ठेवलेला. हात घालायचा आणि काढायचा, एवढंच काम होतं.

मी म्हणालो, “फ्लॉपीत जे येतं, तेच मी छापतो.”

एवढंच वाक्य. आवाज सुद्धा कापला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “खुर्चीवर बशिवलं की ह्ये असंच व्हतंय,” आणि ते कुणाला उद्देशून आहे, कुठल्या वस्तीला उद्देशून आहे, ते तिथल्या पोराटोरांनाही कळलं. मलाही कळलं. आणि मला बरं वाटलं! होय, बरं वाटलं — कारण आता माझ्याकडं कुणी बघणार नव्हतं. दोन माणसांच्या हातून फाईल जात होती, त्याच्या आणि माझ्या. एकानं म्हणावं ‘फ्लॉपीत का बघत न्हाई?’, एकानं तरी? कुणी म्हणालं नाही. माझं आडनाव त्यांच्यातलं होतं. घरी ऊस होता, भाऊ फौजेत होता. असला माणूस कसा खोटं बोलेल?

त्याच सभेत त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. हौसाबाई सुद्धा त्याच्यासमोर थुंकली. तिच्या लिटरभर दुधासाठी ज्यानं नियम मोडला होता, त्याच्यासमोर.

आणि मी काय केलं माहीत आहे? सांगलीला आलो आणि प्रोग्रॅम दुरुस्त केला. गुपचूप. सकाळ-संध्याकाळचा रकाना घेतला, चाळण नीट बसवली. दहा ओळींचं काम. पुढचं बिल, सांगलीहून आणलेल्या एका पोरानं टाइप केलेलं, आलं ते पैशाला पैसा बरोबर. झालं, आनंदाच्या माथ्यावर शिक्काच बसला! ‘बगा, त्यो गेला आन चोरी थांबली.’ सभेत जो काही थोडाफार किंतु कुणाच्या मनात राहिला असेल, तोही मी माझ्या हातानं पुसून टाकला. चूक सुधारली म्हणून माणूस आणखी दोषी ठरला — असलं पाप कुणी करून बघितलंय का? आणि वर मला शाल आणि नारळ मिळाला. पुढाऱ्यासारखा मान खाली घालून घेतला मी. अकरा सोसायट्याही मिळाल्या.

इथं थांबलो असतो तरी पुरे झालं असतं. पण तुम्हाला मी अर्धंच सांगितलं तर परत तेच झालं, सांजचं गाळून सकाळचं सांगणं.

सभेनंतर महिनाभरानं आनंदा माझ्या खोलीवर आला. भर दुपारी, घामेजलेला. हातरुमालात बांधून चार फ्लॉप्या आणल्या होत्या. जुन्या बिलांच्या, त्यानं स्वतःसाठी काढून ठेवलेल्या. सोसायटीच्या मशिनला आता त्याला हात लावू देत नव्हते. म्हणाला, “सायेब, एवढं बगून द्या. मला नोकरी परत नगं. पर घरात बायकू बी इचारती, खरं सांगा म्हंती. मी भरलं हुतं का न्हाई, एवढंच मला कळू द्या.”

सांगलीत कॉम्प्युटरचे क्लास कमी होते का? कुणीही त्याला पाच मिनिटांत दाखवलं असतं. तो माझ्याकडं आला. कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता.

पडदा माझ्या बाजूला वळवलेला होता. मी फ्लॉपी घातली. फाईल उघडली. सगळं होतं. एकेका दिवसाच्या दोन-दोन ओळी, एकीखाली एक, हौसाबाईची, इतरांची. एक नोंद चुकलेली नाही. चारही फ्लॉप्या मी बघितल्या. तो माझ्या तोंडाकडं बघत बसलेला.

मी म्हणालो, संध्याकाळच्या नोंदी यात नाहीत.

त्यानं विचारलं, एक बी न्हाई? मी म्हणालो, काही आहेत, काही राहून गेल्यात. आणि त्या फ्लॉप्या परत न्यायला नकोत म्हणून म्हणालो, खराब झाल्यात, इथंच टाका. त्यानं टाकल्या. तो गेल्यावर मी त्या पुसून टाकल्या आणि वापरल्या, नव्या सोसायट्यांच्या कामाला.

पण जायच्या आधी तो तिथंच बसला होता, स्वतःच्या हाताची बोटं बघत. मग म्हणाला, “मग माजंच कुटंतरी चुकलं आसंल. टाइप करताना ध्यान ऱ्हायलं नसंल.” पुढं तो जतकडं पाण्याच्या टँकरवर क्लीनर म्हणून गेला, असं कानावर आलं. बी.कॉम. झालेला माणूस. पण ते नंतर. त्या दुपारी तो उठला, दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि वळला.

“सायेब,” म्हणाला, “खोटं कशाला बोलू. मदी माज्या मनात तुमचाच संशय आला हुता. माफ करा.”

मी म्हणालो, “असू दे. होतं असं.”

मी त्याला माफ केलं.