दोर कोणी धरावा

मुलांनो,

तुमचे मामाआजोबा गेल्यावर तुम्ही आठवणींची वही लिहिलीत, तिच्यात एक वाक्य आहे : ‘त्यांनी आजीला कड्यावरून पडताना वाचवलं होतं.’ ही गोष्ट त्यांनीच तुम्हाला सांगितली. घरातल्या प्रत्येक लग्नात ते ती सांगत आणि मी पंगतीत वाढत राही. आता ती खोडते, कारण तुम्ही ती लिहून ठेवली आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी एकवीस वर्षांची, बुलढाण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. हिमालयात गिर्यारोहणाचा महिनाभराचा वर्ग निघाला आणि जिल्ह्यातून एक शिक्षिका जाणार असं ठरलं. घाटातल्या कड्यावरून दोराने उतरायचं आणि चढून वर यायचं, एवढीच परीक्षा; दोर धरणारा मात्र आपला आपण आणायचा. हिमालय मी फक्त क्रमिक पुस्तकात पाहिला होता. मला तिथे जायचंच होतं.

राजूर घाटाखाली एक म्हातारे बाबा राहत. आग्या मोहोळ काढायला ते कड्यावरून उतरत. मी दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. पातळाचा काचा मारून, अनवाणी.

“काऊन थरथरून राह्यले पाय?” ते खालून ओरडत. “दोन पाय अन् एक हात जाग्यावर असल्याबिगर दुसरा हात हलवाचा नाही. शाळेतल्या पोरींले असंच शिकवतं का, मास्तरीणबाई?”

त्यांची बायको वर बसून अंबाडीचा दोर धरी. कमरेची गाठ मला तिनेच शिकवली. मी बांधायची, ती एका हिसक्यात सोडवायची आणि म्हणायची, “मेली असतीस. पुन्हा बांध.” तिला न सुटणारी गाठ जमायला मला चार रविवार लागले.

परीक्षेला माझा दोर भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, धरणार, हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी चिलीम खाली ठेवली.

“आमच्यात दोर साळ्यानं धराचा, बाई. भावाले देत नाही. मी पडलो तं भावाले माह्या वाट्याचं वावर भेटते, अन् साळ्याची बहीण, म्हंजे माही बायको, रांडमुंड होते. कोन घट्ट धरीन, सांग?”

“मले कुठचा साळा, बाबा?”

“मंग माही म्हातारी धरीन. तिचा भाऊ मेला तवापासून माहा दोर तिच्याच हाती हाये.”

मी हसले. खरं सांगते, मला लाज वाटली होती. परीक्षा घ्यायला सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार येणार, शिक्षण खात्याचे साहेब येणार, आणि त्यांच्यासमोर माझा दोर तंबाखू मळणारी बाई धरणार! शिकलेली होते ना मी. आणि दादा स्वतःहून म्हणाला होता, “मी धरतो. तुले माह्यावर भरोसा नाही का?”

परीक्षेच्या सकाळी मी निम्मा कडा उतरले होते. श्वास ठीक होता, पाय थरथरत नव्हते. अचानक दोर ताठ झाला.

“दादा, ढील दे!”

“पुरे झालं. वर ये.”

“काऊन? ढील दे ना!”

“नांदुऱ्याचे पाहुणे घरी येऊन बसले. तुले पाहाले. बाबूजींनी आजचंच बोलावलं त्यायले.”

वडिलांनी बोलावलेले पाहुणे येणार हे त्याला आठवडाभर ठाऊक होतं. मी दगडाला चिकटून राहिले. त्याने आणि त्याच्यासोबत आलेल्या आमच्या चुलतभावाने मला पोत्यासारखी वर ओढली. दोन्ही गुडघे फुटले. सुभेदारांनी वहीत लिहिलं : ‘उमेदवार घाबरली, अर्ध्यातून परतली.’ मी साहेबांना इंग्रजीत सांगू लागले, तर दादाच मध्ये म्हणाला, “पाय सटकला तिचा. मी होतो म्हणून वाचली.”

फुटलेल्या गुडघ्यांवर लुगडं नेसून मी पाहुण्यांना पोहे दिले. त्यातले एक तुमचे आजोबा. ते भले गृहस्थ होते, त्यांचा यात दोष नाही. हिमालयाला दुसऱ्या तालुक्यातली शिक्षिका गेली. बाबांकडे मी पुन्हा गेले नाही. काय तोंड दाखवणार?

दादाने पुढे साठ वर्षं माझ्या भाऊबिजेला कधी खाडा केला नाही. दर वर्षी ओवाळताना मला तो ताठ झालेला दोर आठवे.

तेव्हा तुमच्या वहीतलं ते वाक्य खोडा. मी पडत नव्हते.

तो दोर दादाने बैलगाडीला वापरला, कधीच कुजून गेला. कडा आहे. म्हातारीने शिकवलेली गाठ मला अजून बांधता येते. काल ओढणीवर बांधून पाहिली. सुटली नाही.